चारशे बारा गोंडे

नाव : नेमेसिया कोपाली. दिवंगत फोर्तुनातो उआराची यांची पत्नी. वय एकसष्ट, बाप्तिस्म्याच्या दाखल्यानुसार चौसष्ट, स्वतःच्या सांगण्यानुसार ‘तुम्हाला काय करायचंय’. उंची बेताची. डोळे काळे, पैकी उजवा किंचित बारीक केलेला. मुक्काम चल्लाकिर्का, खालची आळी. मालमत्ता : लामा एकोणीस, गाढव एक, पांढऱ्या दगडाजवळची क्विनोआची जमीन. अपत्य एक, सीमेपलीकडे चिलीत तांब्याच्या खाणीवर. चालू हंगामातील पद : पश्चिम पट्ट्यातील तोलाची राखणदार, पतीसह. पती हजर नसल्यास त्याची टोपी ग्राह्य धरण्यात यावी. सचोटीविषयी तक्रार नाही. विशेष खूण : नाही.

हे वर्णन माझ्याच हातचं आहे. गावाची वही गेली अकरा वर्षं मी लिहितो, आणि तिच्यातलं जवळपास सगळं खरं असतं. ‘विशेष खूण’ या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिताना मात्र माझा हात जरा अडखळला होता. या बाईचा जगात कोणावरही विश्वास नव्हता, ही तिची खूण आळीतल्या कुत्र्यांनाही माहीत होती. पण ती नाकावर किंवा कपाळावर नसल्यामुळे वहीत बसेना.

बाजारात मीठ घेताना ती आधी तराजूची दोन्ही पारडी रिकामी करायला लावून पाही, मग पारड्यांची जागा बदलायला लावी. रेडिओवर पावसाचा अंदाज सांगितला की बाहेर जाऊन आभाळ बघे आणि परत येऊन रेडिओकडे बघे. नवरा वारला तेव्हा तिने त्याच्या नाकाशी आरसा दोनदा धरला, असं लोक सांगतात. फोर्तुनातोचा थट्टेखोर स्वभाव पाहता त्यात वावगं काही नव्हतं.

अशा बाईच्या वाट्याला राखणीची पाळी यावी, हे गावाचं नशीब म्हणायचं की तिचं, यावर त्या वर्षी दोन मतं होती.

तोला हे आमच्याकडचं रानातलं झुडूप. पुस्तकांनी त्याला शेवंती आणि सूर्यफुलाच्या कुळात बसवलं आहे, पण त्या घराण्यात त्याला कोणी लग्नाचं आमंत्रण देत असेल असं वाटत नाही. कमरेइतकी उंची, खवल्यांसारखी चिकट पानं, आणि पिवळी फुलं अशी की मन मोठं करून बघितली तरच दिसतात. त्याच्यात एक गुण आहे : राळेमुळे ते ओलंच पेटतं. ज्या पठारावर दुसरं झाड नाही तिथे असला गुण अंगाशी येतो. क्विनोआचा भाव चढला त्या वर्षांत उरलीसुरली तोला आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरने उपटून काढली. त्यानंतर मिठाच्या मैदानावरून वारा आला आणि त्याने दोन हंगाम आमची रोपं वाळूखाली पुरली. तेव्हा शहाणे होऊन आम्ही पश्चिमेला एक पट्टा पुन्हा उगवू दिला आणि राखून ठेवला. चारशे बारा झुडपं. त्यांना पेरणीपासून रोपं चार बोटं उंच होईपर्यंत हात लावायचा नाही, असा ठराव आहे.

राखणीची पाळी दर हंगामाला एका घराकडे जाते, आणि आमच्याकडे कुठलंही पद एकट्याला मिळत नाही. नवरा-बायकोच्या जोडीलाच मिळतं. विधवा असेल तर मुलगा शेजारी उभा राहतो. नेमेसियाच्या मुलाने सुटी मिळत नाही म्हणून बसवाल्याबरोबर खाणीची पिवळी शिरस्त्राण-टोपी पाठवून दिली. ती तिने कोंबड्यांना पाणी पाजायला ठेवली आणि सभेला नवऱ्याची तपकिरी टोपी घेऊन आली. टोपी बाकावर शेजारी ठेवली. कोकाची पानं फिरली तेव्हा रिवाजाप्रमाणे टोपीपुढेही मूठभर ठेवण्यात आली. नेमेसियाने ती मोजून स्वतःच्या पिशवीत टाकली.

पाळी नीट पार पडली की घराचा जमिनीवरचा हक्क पुढे चालू राहतो. पाळी बाद झाली तर जमीन जवळच्या नातलगाकडे जाते. नेमेसियाचा जवळचा नातलग म्हणजे फोर्तुनातोचा धाकटा भाऊ गुमेर्सिंदो. हा गडी हसतमुख, कोणाच्याही अडचणीला धावून जाणारा. ऑगस्टमध्ये तो पांढऱ्या दगडाजवळ दिसला.

“सहज आलो होतो, वहिनी.”

“पावलं मोजत?”

“पाय मोकळे करत होतो.”

“मोकळे करा. किती झाली?”

“एकशे चाळीस,” असं गुमेर्सिंदोच्या तोंडून निघून गेलं. माणूस मुळात प्रामाणिक.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा पट्ट्यातलं एकही झुडूप गेलेलं नव्हतं. नेमेसियाला एवढ्यावरूनच शंका आली.

शंकेला कारणही होतं. मृतांचे दिवस तोंडावर आले होते. पहिल्या नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता आमची मेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून परत जातात. त्यांच्यासाठी घरोघरी पाव भाजावे लागतात : बाळांच्या आकाराचे, लामांच्या आकाराचे, वर चढून जायला शिडीच्या आकाराचे. भट्टी लामाच्या लेंड्यांवर तापते, पण पाव आत सरकवण्याआधी तिला एक शेवटचा धडधडीत जाळ लागतो. तो जाळ तोलाचाच. वाळकी तोला आणायची तर डोंगरापलीकडे जायचं, जाऊन-येऊन एक दिवस. ओली तोला मात्र पट्ट्यात, घरापासून हाकेवर.

शिवाय माणूस गेल्यावर तीन वर्षं त्याचं ताट मांडायचं. तिसरं वर्ष निरोपाचं. फोर्तुनातोचं हे तिसरं होतं. त्या ताटाखाली घालायला नेमेसिया नवं कापड विणणार होती. त्यासाठी तिने नारिंगी आणि जांभळी लोकर दोन हिवाळे सूत कातून जमवली होती.

त्या आठवड्यात ती एकेका घराच्या दारात उभी राहू लागली. माझ्याकडे सकाळीच आली. टोपी काखेत होती.

“काय रे शाईवाल्या, चुलीत काय घातलंस?”

“लेंड्या, मावशी.”

“लेंड्यांना राळेचा वास कधीपासून यायला लागला?”

“लामाने तोला खाल्ली असेल.”

“कोणाच्या लामाने?”

या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नव्हतं. मी तिला बसायला सांगितलं. बसायला सांगतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, असं म्हणून ती चुलीपाशी गेली, वाकून वास घेतला आणि निघून गेली. शेजारच्या तेओदोसियाच्या घरी पुन्हा तोच प्रकार झाला. तेओदोसिया चाळिशीची, आडव्या अंगाची आणि कोणाचं ऐकून न घेणारी बाई.

“अगं मावशी, माझ्यावर संशय घेतेस? तुझ्या पोराच्या नामकरणाला मी होते!”

“होतीस. चमचे दोन कमी भरले होते.”

“तीस वर्षं झाली त्याला!”

“म्हणजे आठवतंय तुला.”

ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला लोकांनी पाहिलं, तर नेमेसिया पट्ट्यात ओणवी होऊन एकेका तोलाच्या शेंड्याला लोकरीचा गोंडा बांधत होती. नारिंगी आणि जांभळा. सकाळी सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत. चारशे बारा झुडपं, चारशे बारा गोंडे. दोन हिवाळ्यांची लोकर संपली आणि फोर्तुनातोच्या ताटाखाली जुनंच कापड येणार हे नक्की झालं.

“हे काय गं मावशी, झुडपांची जत्रा भरवलीस का?” तेओदोसियाने रस्त्यावरून ओरडून विचारलं.

“मोजायला बरं पडतं. तोला सगळ्या सारख्या दिसतात. गोंडा डोंगरावरूनही दिसतो.”

“आणि सोडला कोणी तर?”

“दुसऱ्याच्या रंगाचा गोंडा कोण सोडून टाकील? कोण चुलीत घालील?”

तेओदोसिया आपल्या वाटेला लागली, कारण कोणीच घालणार नव्हतं. फेब्रुवारीत आम्ही लामांच्या कानांना गोंडे बांधतो. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. दुसऱ्याचा गोंडा जाळला तर स्वतःचा कळप झडतो, हे आमच्याकडे शिकलेली माणसंही मानतात. शिकलेली जरा जास्तच मानतात, कारण त्यांच्याकडे लामा कमी असतात.

पण या युक्तीची दुसरी बाजू तिच्या ध्यानात आली नाही. आयुष्यभर गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात काय चाललंय याचा तिने अंदाज बांधला, आणि नेमकं स्वतःचा हात काय बांधतोय हे तिला दिसलं नाही. गुमेर्सिंदोला ते संध्याकाळपर्यंत दिसलं. तो माझ्याकडे येऊन रिवाजांचं पान उघडायला लावून गेला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. जाताना म्हणाला, “वहिनींची फार काळजी वाटते हो.”

तीस तारखेला नेमेसिया गाढव घेऊन डोंगरापलीकडे वाळकी तोला आणायला गेली. संध्याकाळी लोकांनी तिला परतताना पाहिलं : गाढव लंगडत होतं आणि त्याच्या पाठीवर काही नव्हतं. अर्धा भारा तिच्या पाठीवर होता, उरलेला वाटेत कुठेतरी. मी मदतीला पुढे झालो.

“राहू दे,” ती म्हणाली. “आत काय आहे ते बघायचंय ना तुला?”

“तोला आहे, मावशी. दिसतेय.”

“मग विचारतोस कशाला?”

मी विचारलं नव्हतं. तिने भारा पाठीवर सरकवला आणि पट्ट्याच्या कडेकडेने घराकडे गेली.

एकतीस तारखेला गावातल्या सगळ्या भट्ट्या पेटल्या. आमच्याकडे त्या दिवशी धुराचा वास वेगळा येतो. त्यावर कोणी कोणाशी बोलत नाही. पाव सगळ्यांचेच छान फुगले. नेमेसियाचेही फुगले. शिडी, दोन लामा, आणि वाकडी टोपी घातलेला एक ढेरपोट्या बाप्या, हुबेहूब फोर्तुनातो. दोन तारखेला दुपारी तिने त्याला निरोप दिला. मेलेल्यांच्या वाटेवर डोळे पुसत उभी होती तेव्हा वाटलं, आता तरी ही बाई मऊ पडेल. तेवढ्यात तिने विचारलं, “खरंच गेला असेल ना?”

पाच तारखेला शाळेच्या अंगणात सभा भरली. रोपं चार बोटं झाली होती. गावप्रमुख पोलिकार्पिओ यांनी सकाळीच चार बोटं लावून खात्री करून घेतली होती. आता राखणीची पाळी पार झाली असं सभेने म्हणायचं आणि मी लिहायचं, एवढंच उरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मधल्या बाकावर नेमेसिया आणि टोपी.

गुमेर्सिंदो उठला. टोपी काढून छातीशी धरली.

“बोलताना जीभ जड होते. वहिनी मला आईच्या जागी आहेत.”

“मी तुमच्याहून चारच वर्षांनी मोठी आहे, भावजी. मुद्द्याचं बोला.”

“मुद्दा असा की रिवाज सांगतो, ज्याच्या रंगाचा गोंडा त्याचं जनावर. वहिनींनी गावच्या चारशे बारा तोलांना स्वतःच्या घराचा रंग बांधला. उघड्यावर, दिवसाढवळ्या. म्हणजे राखायला दिलेला पट्टा त्यांनी आपल्या नावावर करून घेतला. राखणदारानेच सगळं गिळलं, तर त्याला पाळी पार पडली म्हणायचं का?”

आधी सगळ्यांनी टोपीकडे पाहिलं. मग सगळेच बोलले. कोणी म्हणे, गोंडा तो गोंडा, लामाला बांधा नाहीतर भिंतीला. कोणी म्हणे, मग माझ्या सायकलला बायकोने बांधलाय तो? “तुझी सायकल तिचीच आहे रे,” असं बायकांच्या बाजूने उत्तर आलं. पण हसणं लवकर विरलं. रिवाज गुमेर्सिंदोच्या बाजूचा होता हे सगळ्यांना दिसत होतं. नेमेसियालाही दिसलं. मी तिला अकरा वर्षं पाहतोय. तिचा उजवा डोळा पूर्ण उघडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तिने टोपीवर हात ठेवला. पांढऱ्या दगडाची जमीन, तिच्या सासऱ्याने दगड वेचून केलेली, दोन वाक्यांवर येऊन ठेपली होती.

“नेमेसिया, काही म्हणणं आहे?” पोलिकार्पिओंनी विचारलं.

तिने टोपी बाकावर सरळ केली. मग माझ्याकडे वळली.

“शाईवाल्या, भावजींनी रिवाज अर्धाच सांगितला. पुढचं वाच.”

मी वाचलं. “दुसऱ्याचा गोंडा असलेले जनावर जो नेईल त्याने एकास दोन परत द्यावीत, आणि सभेत उभे राहून नाव सांगावे.”

“बरं. आता मी सांगते. दोन तारखेपासून मी रोज डोंगरावरून गोंडे मोजले. रोज चारशे बारा भरले.”

“मग झालं तर!” पोलिकार्पिओ म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी घाई होती.

“नाही झालं. मला संशय आला.”

“कशाचा?”

“आकडा बरोबर येत होता त्याचा. मृतांच्या दिवसांत, एवढ्या भट्ट्या पेटून, आकडा बरोबर? म्हणून काल खाली उतरून झुडपं मोजली. गोंडे चारशे बारा. झुडपं तीनशे एक्याऐंशी.”

पोलिकार्पिओंनी बोटांवर वजाबाकी करून पाहिली.

“एकतीस झुडपांना दोन-दोन गोंडे आहेत,” नेमेसिया म्हणाली. “ज्याने तोला नेली त्याने गोंडा सोडला. जाळायची छाती नाही, घरी ठेवायची सोय नाही. म्हणून शेजारच्या झुडपाला बांधून ठेवला. खाली बुंधे आहेत, ताजे. शाईवाल्या, गावात घरं किती?”

“बत्तीस, मावशी.”

“माझं सोडून?”

माझी लेखणी हातातून पडली. ती उचलायला मी गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो. त्या एकतिसांतली एक तोला माझ्या आईच्या पावांखाली जळली होती. चांगली जळली होती.

“एकतीस,” मी टेबलाखालून म्हणालो.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मला वाटतं त्याच क्षणी प्रत्येकाला पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नव्हतो. आमच्या गावात पद पाळीपाळीने मिळतं, पाणी पाळीपाळीने मिळतं. चोरीही घरटी एक अशी नेमकी वाटून झाली होती, आणि तीसुद्धा सभा न भरवता.

“आता भावजींनी सांगावं,” नेमेसिया म्हणाली. “गोंडा बांधला म्हणून तोला माझ्या झाल्या का? झाल्या असतील तर झाल्या. मग एकतीस घरांनी माझी जनावरं नेलीत. एकास दोन प्रमाणे बासष्ट आणून लावा, आणि एकेकाने इथे उभं राहून नाव सांगा. पहिलं नाव तुमचं घेऊ, तुम्ही उभेच आहात.”

गुमेर्सिंदो बसला.

“आणि माझ्या झाल्या नसतील,” ती पुढे म्हणाली, “तर मी काही गिळलेलं नाही. लोकर माझी गेली. फोर्तुनातो जुन्या कापडावर जेवून गेला.”

बायकांच्या बाजूने तेओदोसिया म्हणाली, “झुडपाला कुठे कान असतात? कानच नाहीत तर गोंड्याला काय अर्थ!”

“खरंय,” लगेच दहा-बारा जण म्हणाले. एवढं एकमत आमच्या सभेत शाळेच्या छपराच्या वेळीही झालं नव्हतं.

पोलिकार्पिओंनी घसा साफ केला. ते प्रमुख असले तरी त्यांच्या घरीही भट्टी आहे. “गुमेर्सिंदो, तुझं काय?”

“मी काळजीपोटी बोललो,” गुमेर्सिंदो म्हणाला. “झुडपाला कान नसतात हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

“नेमेसिया, तू त्या एकतिसांची नावं विचारणार आहेस का?”

“विचारून काय? खोटंच सांगतील,” ती म्हणाली आणि टोपी उचलली.

मी ठराव लिहिला. तो असा : वनस्पतीस कान नसल्यामुळे तिला बांधलेला गोंडा हा मालकीचा पुरावा होत नाही. सभेच्या मते पट्ट्यात नोंद घेण्याजोगी घट आढळलेली नाही. राखणदार नेमेसिया कोपाली व तिच्या पतीची टोपी यांची पाळी निर्दोष पार पडली असून पांढऱ्या दगडाजवळील जमिनीवरील हक्क पूर्ववत चालू राहील. पुढील हंगामाची राखण गुमेर्सिंदो उआराची यांच्याकडे. सर्वानुमते मंजूर. राखणदाराच्या सचोटीविषयी तक्रार नाही.

ठराव सांगून झाल्यावर नेमेसियाने वही आपल्याकडे फिरवून घेतली. तिला वाचता येत नाही. तरी तिने प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं, शेवटी अंगठा उठवला, आणि माझी शाई पातळ आहे असं सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी वहीत आकडा घालायचा म्हणून मी पट्ट्यात गेलो आणि जवळून मोजलं. दोन गोंडे असलेली झुडपं बत्तीस होती.